फोटो कुणाचा?

(रोहणा, जि. वर्धा येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या स्पर्धेला आलेले कापूस वेचणीचे फोटो मी उत्साहानं व्हॉट्सॲपवर टाकले. दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "ताई, फोटो माझा फिरतोय, मग माझं नाव कुठंय?" मी ओशाळले. स्पर्धेला दिला म्हणजे सगळ्यांनाच दिला, असं मी धरून चालले होते.

होमाई व्यारावाला आठवा. मुंबईत त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. कष्ट बाईचे, नाव दुसऱ्याचं. आपल्या वावरांच्या सातबाऱ्यावर तरी आपली नावं किती?

नोकरीत किंवा पैसे घेऊन काढलेला नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटोवर पहिला हक्क काढणारीचा. कलम ५७ नं आपलं नाव लावून मागण्याचाही हक्क आहे. परवानगी लेखी हवी.

म्हणून यंदाच्या अर्जात विचारलंय: फोटो बाहेर टाकू का, कुठं, किती दिवस? 'नाही' म्हणणारीही स्पर्धेत राहील. आणि फोटोतल्या बाईला विचारलंत का, तेही लिहा बरं.

जुने फोटो मी काढलेत. पण पुढं गेलेले परत येत नाहीत. सही देणारीचा फोटो नावानिशी पुन्हा टाकू. अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहेत.