पाद्रीसाहेबांची मुलं



परदेशी मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक तर बाटवायला आलेला साहेब उभा राहतो, नाही तर शाळा-दवाखाने काढणारा देवमाणूस. भांडण त्या दोघांवरून चालतं. साहेबाला बायको होती, लेकरं होती, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आज मी त्या लेकरांबद्दल बोलणार आहे.

1813 च्या फेब्रुवारीत अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. नॉट यांची पत्नी रोक्साना बरोबर होती. ईस्ट इंडिया कंपनीला ही मंडळी नको होती. कलकत्त्याहून निघून जाण्याचा हुकूम आधीच झाला होता, मुंबईतूनही त्यांची रवानगी व्हायची. पण त्याच वर्षी पार्लमेंटनं कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. नॉट पतिपत्नी प्रकृतीपायी लवकरच परतले. हॉल मात्र टिकले. मराठी शिकले, इथंच लग्न केलं, संसार मांडला.

1825 मध्ये त्यांची पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांचा प्रवास. एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्या मार्चमध्ये नाशिककडून परतताना सिन्नरजवळ दोडी-दापूरला हॉल यांना पटकीनं गाठलं आणि तिथंच त्यांचा अंत झाला. ती बातमी अमेरिकेत पोचायलाही महिने लागले असणार. तोवर बाई त्यांना पत्रं लिहीत असतील.

नव्या मुलखाशी जुळवून घेणं मोठ्यांना जमतं, कारण ते ठरवून आलेले असतात. ऊन सोसायचं, पंतोजी ठेवून भाषा घोटायची, कंटाळा आला तर प्रार्थना करायची. मुलांचं तसं नसतं. ती आयाच्या कडेवर मराठी शिकतात, तीही शिव्यांसकट. बंगल्याच्या आवारातली नोकरांची पोरं हेच त्यांचे सवंगडी. मग सात-आठ, दहा वर्षांची झाली की त्यांना बोटीत बसवून अमेरिकेला धाडायचं, कधी न पाहिलेल्या नातेवाइकांकडे. हवा मानवत नाही, रोगराई आहे, शिक्षणाची सोय नाही, ही कारणं खरीच होती. पण पोर इथल्यासारखंच होऊन बसेल ही धास्तीही होती. ज्या लोकांत आयुष्य घालवायचं, त्यांच्यात आपलं मूल मिसळू नये असं वाटणं, यातली विसंगती त्या भल्या माणसांना कशी खटकली नाही, याचं मला नवल वाटतं.

अहमदनगरच्या ह्यूम घराण्याकडे बघा. रॉबर्ट विल्सन ह्यूम 1839 मध्ये मुंबईला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन 1847 मध्ये मुंबईतच जन्मला. 1854 मध्ये वडील मायदेशी जाताना बोटीवरच वारले. मुलगा पुढे अमेरिकेत वाढला, येल विद्यापीठातून पदवीधर झाला आणि 1874 मध्ये सरळ मराठी मुलखात परत आला. नगरला त्यानं पन्नासएक वर्षं काढली. एकोणिसाव्या शतकाअखेरीस पडलेल्या छप्पनच्या दुष्काळात अनाथ पोरांचा सांभाळ केला, त्या कामाबद्दल सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. धर्मसेवेची ओढ असेलच, ती मी नाकारत नाही. पण लहानपणी ज्या गल्ल्यांतून, ज्या बोलीतून उचलून नेलं, तिकडं माणूस परत येतो तेव्हा त्याला नुसतं ‘पाचारण’ म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. रॉबर्ट ॲलन यांची दुसरी पत्नी केटी फेअरबँक, नेवाशाजवळच्या वडाळ्याच्या मिशनरी घरातली लेक. अशा मुलांना एकमेकांखेरीज कोण समजून घेणार?

याच नगरच्या मिशनमध्ये लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झालेल्या पतीमागोमाग आल्या, तेव्हा सोवळं कसं सोडवेना हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसतखेळत लिहून ठेवलंय. साहेबाच्या मुलांपैकी कुणी तसं मोकळं लिहिलं असतं, तर फार बरं झालं असतं.

पुढं सोयी वाढल्या. 1901 मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी कोडाईकनालच्या थंड डोंगरावर आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तेव्हापासून सातासमुद्रांऐवजी आगगाडीचा प्रवास उरला, आणि उन्हाळ्यात वर जाऊन बिऱ्हाड केलं की आईला निदान तेवढे महिने मुलं जवळ मिळू लागली.