श्रद्धा, औषध आणि आबे फारिया



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हां मुलांना एकदा पणजीला आबे फारियांच्या पुतळ्यापुढे उभे केले होते. स्त्रीवर हात पसरलेला तो धर्मगुरू पाहून मी विचारले, "गुरुजी, हा भूत काढतो आहे का?" गुरुजी म्हणाले, "नाही रे. मनाचे दुखणे मनातच शोधा, असे सांगतो आहे." मी पुढे मनोविकारतज्ज्ञ झालो, त्याचे बीज या उत्तरात असावे.

फारियांचा जन्म १७५६ साली कांदोळीचा. पॅरिसमध्ये १८१३ पासून त्यांनी प्रयोगांसह व्याख्याने दिली. मेस्मरचे अनुयायी मोहनिद्रेचे कारण एका अदृश्य चुंबकीय द्रवात शोधीत. फारियांनी ते निद्रिताच्याच मनात दाखविले. त्यांच्या वाट्याला उपहास आला. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. धर्मगुरू मात्र ते अखेरपर्यंत राहिले.

काही वर्षांपूर्वी एका चर्चच्या सभागृहात मला बोलावणे आले. व्याख्यान संपताच एक माउली उठली. तिच्या मुलाला कानांत आवाज ऐकू येत. प्रार्थनेला येणाऱ्या कोणी सांगितले म्हणून तिने त्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि मुलाने अन्न सोडले होते. तिने विचारले, "डॉक्टर, गोळी दिली तर माझा देवावरचा भरवसा उणा पडतो का?"

मी उत्तर जुळवीत होतो, तोच वृद्ध फादर म्हणाले, "बाये, मी रोज मधुमेहाची गोळी घेतो आणि मग मिस्साला उभा राहतो."

मग मी सांगितले, की १६१४ च्या रोमन विधिग्रंथानेही कोणाला भूतबाधा झाली असे सहजी मानू नये, अशी ताकीद दिली आहे. तेव्हा मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. त्यांच्या भावाने आत्महत्या केली, तेव्हा त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरले होते. १९१७ च्या धर्मसंहितेत बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक दफन नाकारलेले होते. १९८३ च्या संहितेने ते कलम गाळले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मनोविकाराने माणसाची जबाबदारी उणावते, हे मान्य केले. "हे आमच्या आईला कळायला हवे होते," एवढेच म्हणून ते खाली बसले.

त्या रात्री मला माझी चूक उमगली. उमेदीच्या काळात मी रुग्णांच्या प्रार्थनेला हसत असे, आणि कित्येक कुटुंबे माझ्याकडे पुन्हा फिरकली नाहीत. औषध आजार आवरते. परंतु आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणे, त्याला पंगतीत घेणे, हे औषधाचे काम नव्हे. ते समाजाचे काम आहे. त्या मुलाचे आवाज पुरते गेलेले नाहीत. पण तो गोळी घेतो, जेवतो आणि रविवारी आईशेजारी बसतो.

अंगात येणे, देवचाराची बाधा, कौल, हे आपल्याही घरांतले शब्द आहेत. आपल्या देवळांच्या सभामंडपात असा प्रश्न निर्भयपणे विचारण्याची मुभा किती आयांना आहे? गुरुजींच्या स्मृतीपुढे हा प्रश्न ठेवून मी आपली रजा घेतो.