शिब्बोलेथ आणि कनीस

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी उभी राहिले म्हणजे आता संगणकावर बोलणार, अशी भीती काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. घाबरू नका. आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलते. शिब्बोलेथ.

हा शब्द मला कामात भेटला. विद्यापीठांत एकदाच लॉगिन करून ग्रंथालय, अभ्यासक्रम, नियतकालिकं असं सगळं उघडून देणारं एक सॉफ्टवेअर आहे, २००३ साली आलेलं. त्याचं हे नाव. विचित्र वाटलं म्हणून शब्दकोश काढला.

शब्द मूळचा हिब्रू. बायबलच्या जुन्या करारात, शास्ते या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात त्याची गोष्ट आहे. गिलादच्या लोकांनी एफ्राइमच्या लोकांना हरवलं आणि जॉर्डन नदीचे उतार अडवले. पळून आलेला कोणी पलीकडे जाऊ द्या म्हणाला, की त्याला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावायचे. एफ्राइमच्या माणसाच्या तोंडून 'सिब्बोलेथ' यायचं. श आला नाही की तिथंच ठार. असे ४२,००० मेले, असं तिथं लिहिलंय.

तेव्हापासून आपला कोण, परका कोण हे ओळखायची खूण म्हणजे शिब्बोलेथ. लॉगिनला नाव चपखल आहे, पण ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीचं मला जरा भयच वाटलं.

आणि शब्दाचा अर्थ काय? धान्याचं कणीस. कोणी पाण्याचा प्रवाह असाही लावतात. नदीवर मात्र अर्थाशी कोणालाच कर्तव्य नव्हतं.

मी अडकले ती कणसापाशी. कारण आमच्या घरी ते कनीस होतं. आई दिवस दिवस ज्वारीची कनसं खुडायची. आणि वर्गात आम्ही वाड्यावस्त्यांवरची पोरं वाचायला उठलो, की ण यायच्या आधीच मागच्या बाकांवर हसू तयार असायचं. तुम्हाला आठवत असेल. बाईंनी एकदा पुस्तक मिटून एवढंच विचारलं होतं, "कणीस हातानं कोणी कोणी खुडलंय?" आमचेच हात वर गेले. त्या दिवशी कोणी हसलं नाही. बाई आज समोर बसल्या आहेत.

पण आमच्यातला एक त्याआधीच वाचायला उठेनासा झाला होता. गणितात तो माझ्या पुढे होता. दहावीच्या आधी त्याने शाळा सोडली. आजच्या यादीत त्याचं नाव आहे, पुढे फोन नंबर नाही. कोणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर जेवणाआधी मला येऊन सांगा. मी दाराजवळच्या टेबलाशी थांबते.