असाध्य दुखण्यातील शुश्रूषा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या मंगल प्रसंगी असा विषय काढल्याबद्दल कोणी आम्हांस बोल लावील. परंतु घरात शिरलेले दुःख पाठ फिरवल्याने निघून जात नाही.

आपल्या शहापूर-मुरबाडकडील फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रोगी परळच्या टाटा रुग्णालयात जातो. शहापूरकरास आसनगावी गाडी मिळते, मुरबाडकरास एस.टी.ने आधी कल्याण गाठावे लागते. पुष्कळदा खोकला क्षयाचा समजण्यात महिने जातात आणि निदान होते तेव्हा रोग पसरलेला असतो. मग 'आता घरी न्या' हे शब्द कानी पडतात आणि घरचे समजतात की, सर्व संपले. आमचे म्हणणे एवढेच की, रोगावरचे उपाय संपले तरी रोग्यावरचे उपाय संपत नाहीत.

या उपायांस उपशामक शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. टाटा रुग्णालयात तिचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रोग्यांची सेवा करीत आहे. ही शुश्रूषा केवळ अखेरच्या घटकेची नव्हे. अमेरिकेत बोस्टन येथे अशा १५१ रोग्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. उपचारांबरोबर प्रारंभापासून ही शुश्रूषा लाभलेल्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले. इतकेच नव्हे, तर आयुष्याचा मध्यक सुमारे नऊ महिन्यांचा साडेअकरा महिने झाला.

या रोगात वेदनेहून धाप अधिक भिववते. रोग्यास आडवे न निजवता पाठीशी उशा देऊन बसवावे, खिडकी उघडावी, तोंडावर पंख्याचा वारा घालावा, चुलीचा धूर दूर ठेवावा. रक्तातील प्राणवायू कमी असेल तरच नळकांड्याचा खरा उपयोग. मॉर्फिनच्या अल्प मात्रेने वेदना व धाप दोन्ही शमतात. 'अफूचे औषध, व्यसन लागेल' हे भय वैद्यकीय देखरेखीत अनाठायी होय. मात्र बद्धकोष्ठ होते, म्हणून सारकही सुरू ठेवावे. २०१४ साली कायदा बदलून हे औषध मिळण्यातील अडचणी कमी करण्यात आल्या. तेव्हा डॉक्टरांकडे ते मागण्यास संकोचू नये.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपण रोग्यापासून रोगाचे नाव लपवतो. तो मात्र सर्वांचे चेहरे वाचीत एकटा पडतो. त्यास किती जाणावयाचे आहे, हे त्यालाच विचारावे. जमिनीची वाटणी, मुलीचे लग्न, कोणाची क्षमा, ही त्याची कामे त्याच्या हातून होऊ द्यावीत. त्याच्या उशाशी बसून विडीचा हिशेब काढू नये. विडी न ओढलेल्यांस आणि जन्मभर चुलीपाशी बसलेल्या मायभगिनींसही हा रोग होतो. निष्फळ उपचारांसाठी भाताची खाचरे गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे की, याने आयुष्य वाढेल काय आणि सुख किती लाभेल?

मंडळाकडे आमची मागणी लहान आहे. पाठ उंच करता येणारी एक खाट प्रत्येक तालुक्यात ठेवावी. परळच्या खेपांसाठी प्रवासखर्चाचा निधी काढावा. आणि प्रत्येक गावी अशा घरी रात्रीची पाळी घेणारे चार जण तयार करावेत, म्हणजे अहोरात्र जागणाऱ्या सुनेस वा पत्नीस डोळा लावता येईल. मयतास आपण शेकड्यांनी जमतो. त्यांपैकी चौघे महिनाभर आधी आले, तर त्यांची ओळख तरी रोग्यास पटेल.