गोड वाइन आणि मी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी बजावलं होतं की नोकरीबद्दल बोलू नका, आवडीबद्दल बोला. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, नोकरीचं एवढंच. माझी आवड आहे गोड वाइनची. महिन्यातून एक-दोनदा, रात्रीच्या जेवणानंतर, लहानशा ग्लासात. विषय कळल्यावर एका मैत्रिणीचा फोन आला, "अगं, यवतमाळ जिल्ह्यात, शाळेच्या स्टेजवर, बाईमाणसानं दारूवर बोलायचं?" तिचा प्रश्न रास्त आहे. त्यावर बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

आधी आवडीचं सांगते. जाणकारांच्या बैठकीत गोड वाइन म्हटलं की लोक जरा हसतात. वाइन कशी कोरडी हवी, तुरट हवी, गोड म्हणजे नवशिक्यांची, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. पुरणपोळी तुपात बुडवून खाणारी माणसं आपण, गोडाची लाज कशाला बाळगायची? आणि ही चव आपल्याला परकीही नाही. आजीच्या कपाटातलं द्राक्षासव आठवा. द्राक्षं किंवा मनुका, गूळ आणि धायटीची फुलं घालून ते आंबवतात. बाटलीवर बारीक अक्षरात अल्कोहोलचं प्रमाणही छापलेलं असतं, साधारण ५ ते १० टक्के. औषध म्हणून दोन चमचे घ्यायचं, म्हणून कोणी त्याला नाव ठेवलं नाही.

आता गोडवा टिकतो कसा, ते बघू. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर संपली की वाइन कोरडी होते. पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या खोऱ्यात पोर्ट करतात, तिथे हे काम अर्ध्यावर असतानाच रसात द्राक्षाचं कडक मद्य ओततात. यीस्ट मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. आम्ही चालू प्रोग्राम मध्येच थांबवतो ना, तसंच हे! या खोऱ्याच्या हद्दी १७५६ मध्येच आखून दिल्या होत्या. गोव्यात पोर्ट म्हणून जी स्वस्त बाटली मिळते ती मला सरबतासारखी लागते, पण नाताळात केकसोबत ती छान जाते.

स्पेनमध्ये पेद्रो हिमेनेस नावाची द्राक्षं उन्हात वाळवून जवळजवळ मनुका करतात आणि मग त्यांची शेरी बनवतात. काळी, काकवीसारखी दाट. व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर ओतायची, बस्स! माझी सगळ्यात लाडकी मात्र मदेरा. त्या बेटावरची पिंपं जहाजातून उष्ण समुद्रांवर फिरून आली की वाइन बिघडण्याऐवजी सुधारते, असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. म्हणून आता ती मुद्दाम उष्णतेतच मुरवतात. आपल्या मे महिन्यातही तग धरेल अशी वाइन ही एकच! बाटली उघडल्यावरही ती महिनोन्महिने टिकते, माझ्यासारखीला तेच सोयीचं.

आपल्याकडची सांगायची तर नाशिकच्या सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून उशिरा तोडतात, म्हणून गोडी वाढते. ती गार करून सावजी रश्श्यानंतर घ्या, जिभेची आग शांत होते. एक नियम मात्र पाळा. मिठाईसोबत घ्यायची तर वाइन मिठाईपेक्षा गोड हवी. श्रीखंडापुढे भली भली वाइन आंबट लागते. पोर्टला खारे शेंगदाणे बरे.

आता हिशोब, कारण गोडवा फसवतो. पोर्टमध्ये अल्कोहोल सुमारे २० टक्के. म्हणजे ६० मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर अल्कोहोल झालं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये १२.८. जवळजवळ सारखंच. शिवाय त्या ग्लासात सहाएक ग्रॅम साखर. आपल्या वयाला शुगरच्या गोळ्या सुरू झालेल्यांनी हे विसरू नये.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आपल्या जिल्ह्यातही बाया दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या. कोणाच्या घरात दारूनं काय केलं, हे या मांडवात बसलेल्या अनेकांना सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्यावरून वाद झाला तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" असं पुष्कळदा ऐकू आलं. मोर्चातल्या बाईसमोर उभं राहून मी तसं म्हणणार नाही. वाइन ही दारूच आहे. माझा ग्लास महाग आहे म्हणून तो पवित्र होत नाही, आणि पहाटे मोहफुलं वेचणारी कोलाम किंवा गोंड बाई माझ्यापेक्षा हलकी ठरत नाही.

फरक असलाच तर परिस्थितीचा आहे. पैसा माझा, ग्लास माझा, थांबायचं कधी तेही मीच ठरवते. नवऱ्याच्या पिण्यापायी जिच्या घरातलं धान्य संपतं, तिला यातलं काहीच ठरवता येत नाही. तिच्या मोर्चाला माझा पाठिंबा आहे आणि माझ्या ग्लासाबद्दल मी खोटंही बोलणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या असू शकतात, एवढंच मला इथे, माझ्या माणसांत, उघडपणे म्हणायचं होतं.

जे घेत नाहीत त्यांनी माझं ऐकून सुरू करू नये. जे घेतात त्यांनी मोजून घ्यावं आणि त्यानंतर गाडीला हात लावू नये. आणि ज्यांना सुटत नाही त्यांनी लपवू नये, आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोलावं.