ताप अंगावर काढू नका

(रविवार, 19 ऑक्टोबर 2025 रोजी कामगार बांधवांसमोर केलेलं भाषण)

उद्या पहिली अंघोळ, परवा लक्ष्मीपूजन, आणि पुढच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जाणार. म्हणजे साइटवरून सुटायच्या आत अंधार. फ्लूचा मोसम हाच. मी डॉक्टर नाही, डिप्लोमा केलेला सुपरवायझर आहे. पण मागच्या हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती आज सांगणार आहे.

आमच्या गँगमध्ये सांगलीकडचे एक दादा होते, शटरिंगवर. डायबेटिसवाले. डिसेंबरात एका सकाळी म्हणाले, "साहेब, अंग मोडून आलंय, ताप वाटतोय." त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. मी म्हणालो, "दादा, आजचा दिवस काढा, उद्या झोपा." त्यांनी तो दिवस काढला, पुढचे दोनही काढले. शनिवारी धाप लागली. न्यूमोनिया निघाला, नऊ दिवस हॉस्पिटलात. वाचले, पण तोवर त्यांच्या घरातले चौघं आणि साइटवरचे तिघं आडवे झाले होते. एक दिवस वाचवायला गेलो आणि दोन आठवडे काम रखडलं.

आपण म्हणतो, हवा बदलली म्हणून आजारी पडलो. तसं नाही. फ्लू व्हायरसने होतो. खोकल्यातून, शिंकेतून, हातांतून पसरतो. 1918 साली मुंबईत फ्लू शिरला तो जून महिन्यात. 10 जूनला सात पोलीस शिपाई तापाने हॉस्पिटलात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर ड्यूटीला होता. मुंबईत जूनमध्ये कसली थंडी? गर्दी मात्र होती. इथे थंडीत आपण खिडक्या लावून एका खोलीत दाटीने बसतो, तिथे त्याला रान मोकळं मिळतं.

म्हणून आधी खोली बघा. दोन किंवा जास्त कुटुंबांतले मिळून पाच किंवा जास्त जण राहत असतील, तर इंग्लंडमध्ये घरमालकाला कौन्सिलचं लायसन्स लागतं. अशा घरात झोपायची खोली एका माणसाला किमान 6.51 चौरस मीटर, दोघांना 10.22, म्हणजे साधारण 70 आणि 110 चौरस फूट. टेप आपल्या खिशात असतोच, मोजा. कमी भरली तर कौन्सिलला कळवा, पण एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खिडकी उघडा. टॉवेल आणि कप ज्याचा त्याला. एकाला ताप आला तर त्याला वेगळं झोपवा.

साइटवरही तसंच. 2015 च्या सीडीएम नियमांप्रमाणे हात धुवायला गरम किंवा कोमट पाणी, साबण, बसायला उबदार जागा, ओले कपडे वाळवायची सोय द्यावीच लागते. ती मेहेरबानी नाही. नसेल तर मागा.

दुसरं, जीपीकडे नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये पासपोर्ट, व्हिसा किंवा पत्त्याचा पुरावा नसला तरी नोंदणी होते, आणि जीपीला भेटायला पैसे पडत नाहीत. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी व्हिसाबरोबर वर्षाला 1035 पौंड हेल्थ सरचार्ज भरलाय. मग नाव का नाही नोंदवायचं? फ्लूची लस 65 वर्षांवरच्यांना, गरोदर बायकांना आणि डायबेटिस, दमा, हृदयरोग असणाऱ्यांना फुकट आहे. बाकीच्यांना फार्मसीत पैसे देऊन मिळते. लागू व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून आत्ताच घ्या. आमच्या दादांना ती फुकट मिळाली असती. त्यांचं नावच कुठे नोंदवलेलं नव्हतं.

आता पैशाचं. 2025-26 मध्ये पगाराच्या स्लिपवर असाल, एजन्सीकडून असलात तरी, आणि आठवड्याची सरासरी कमाई किमान 125 पौंड असेल, तर आजारपणात आठवड्याला 118.75 पौंड मिळायचे. पण चौथ्या दिवसापासून. पहिले तीन दिवस कोरडे जायचे, आणि म्हणूनच आपण ताप अंगावर काढायचो, हे मला कळतं. एप्रिल 2026 पासून पहिल्या दिवसापासून पैसे मिळतात. सीआयएसवर असणाऱ्यांना हे मिळत नाही, त्यांनी थोडे पैसे आधीच बाजूला टाकावेत. पण रोज दुसऱ्याच्या हुकमाने, त्याच्याच वेळेत काम करत असाल, तर तुम्ही खरंच सेल्फ-एम्प्लॉइड आहात का, हे एकॅसला विचारा. सल्ला फुकट मिळतो.

पहिले सात दिवस डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, त्यानंतर फिट नोट लागते. कळवताना मेसेज करा, म्हणजे पुरावा राहतो. न सांगता गैरहजर राहिलात तर व्हिसाला त्रास होऊ शकतो. कळवून घेतलेल्या आजारपणाच्या रजेने व्हिसा जात नाही.

गोळ्यांचं नीट ऐका. पॅरासिटामॉल 500 च्या 24 तासांत आठच, त्याही एका वेळी दोन, मध्ये किमान चार तास सोडून. गावाहून आणलेली डोलो 650 असेल तर एका वेळी एक आणि दिवसात सहाच्या वर नाही. लेमसिपसारख्या पुडीतही पॅरासिटामॉल असतं, तेही त्यात धरा. जास्त झालं तर लिव्हर जातं. अँटिबायोटिक फ्लूवर चालत नाही. शंका असेल तर 111 लावा, दुभाषा मागता येतो. धाप लागली, छातीत दुखलं, माणूस बरळायला लागला, तर थेट 999.

शेवटचं. या हिवाळ्यात माझ्या साइटवर कुणी म्हणालं "साहेब, ताप आहे," तर मी एकच सांगणार: "घरी जा, झोपा." स्लॅब दुसऱ्या दिवशी टाकता येतो. तुमचा सुपरवायझर तसं म्हणाला नाही, तरी तुम्ही घरीच जा, आणि मेसेज करून जा.

दिवाळीच्या शुभेच्छा. घरी फोन कराल तेव्हा सांगा, जीपीकडे नाव नोंदवलंय म्हणून.