साक्षीचे समन्स
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार अनुभवाचे शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. शाळेतील आठवणी आपण पुष्कळ ऐकल्या. आज न्यायालयातील एक सांगतो. खटल्याचा निकाल लागून गेला आहे, म्हणूनच बोलण्यास हरकत वाटत नाही.

2024 च्या श्रावणात बांधावरून झालेल्या मारामारीत आमच्या डोळ्यांदेखत एका गृहस्थाच्या डोक्यात काठी बसली. मारणारा आपल्याच ज्ञातीतील, आमचा जुना विद्यार्थी. पोलिसांनी घरी येऊन आमचा जबाब लिहून घेतला. (साठ वर्षांवरील पुरुषास जबाबासाठी ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही, आणि त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.) पुढील वैशाखात न्यायालयाचे समन्स आले. आम्ही परगावी होतो. सूनबाईंनी दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर सही करून ते घेतले. पूर्वीच्या कायद्यात ते घरातील प्रौढ पुरुषाच्याच हाती देता येई. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही अट राहिली नाही.

आम्ही परतलो त्याच रात्री चार वडीलधारी मंडळी ओटीवर आली.

"गुरुजी, आपलेच पोर आहे. समन्स मिळालेच नाही म्हणा."

दुसरे म्हणाले, "नाही तर त्या सुमारास पंढरीस जाऊन या."

मंडळी परकी नव्हती. आमच्या मुलीच्या लग्नात त्यांनीच पंक्ती वाढल्या होत्या. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, हे लपवीत नाही.

परंतु समन्स म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, की सवड असल्यास जावे. सबळ कारणावाचून गैरहजर राहणाऱ्यास तेच न्यायालय पाचशे रुपयांपर्यंत दंड करू शकते, वॉरंटही काढू शकते. शिवाय हेतुपुरस्सर हजर न राहणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत साधी कैद सांगितली आहे. धमकी आल्यास संरक्षण मागण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेल्या योजनेने झाली आहे. आमच्यावरील दडपण प्रेमाचे होते; त्याविरुद्ध अर्ज कोठे करावा?

पहिल्या तारखेस दिवसभर बाकावर बसून परत आलो. दुसऱ्या तारखेस पट्टेवाल्याने पुकारा केला. शपथ घेतली. काठी कोणाच्या हातात होती, असे सरकारी वकिलांनी विचारले; नाव सांगितले. तो समोरच उभा होता, मान खाली घालून, गृहपाठ न केलेल्या दिवशी उभा राही तसाच.

उलटतपासात त्याच्या वकिलांनी विचारले, "प्रथम हात कोणी उचलला?"

आम्ही ओरड ऐकून वळलो होतो. "ते आम्ही पाहिले नाही," एवढेच म्हणालो. सरकारी वकिलांस ते उत्तर फारसे रुचले नसावे. पण आम्ही पंढरीस गेलो असतो, तर त्याच्या उपयोगी पडणारे हे एक वाक्यही न्यायालयापुढे आले नसते. ओटीवर आलेल्या मंडळींच्या हे ध्यानातच आले नव्हते.

साक्षीदारास वाजवी प्रवासखर्च देवविण्याची तरतूद आहे. मात्र तो मागावा लागतो.

त्या घरची मंडळी पुढे कित्येक महिने आमच्याशी बोलली नाहीत. गेल्या दिवाळीनंतर त्यांची धाकटी मुलगी गणिताची वही घेऊन आमच्या ओटीवर येऊ लागली आहे. अपूर्णांकांत कच्ची आहे.